धाकट्या खोलीची जमीन

प्रिय उनसुक,

कामगारांच्या सभेत भाषणाची सुरुवात मी नेहमी ‘खाणीच्या लेकरांनो’ अशी करायचो. तूही खाणीचंच लेकरू, म्हणून तुझ्यापुढे तीच जुनी तक्रार मांडतो. तेबेकचा डोंगर पोखरून आपण कोळसा काढला, साऱ्या देशातल्या घरांच्या जमिनी उबदार केल्या, आणि आपल्या वाट्याला आल्या कंपनीच्या चाळीतल्या भेगाळ खोल्या. जमिनीखालून चुलीची ऊब यायची, तिच्यासोबत कोळशाचा विषारी वायूही. त्यानं तुझ्या धाकट्या भावाला, तेहोला नेलं. छत्तीस वर्षं झाली. अजूनही तू बुसानला भर थंडीत खिडकी उघडी ठेवून पलंगावर झोपतेस, हे तुझी आई जाण्याआधी मला सांगून गेली.

मी दोन खोल्यांचं घर बांधतोय. आता जमिनीखाली धूर नसतो, गरम पाण्याच्या नळ्या असतात, बॉयलर बाहेर. नळ्या अंथरून झाल्या की त्यांत पाणी दाबून भरतात आणि दाबाचा काटा दिवसभर बघतात. तो हलला नाही तरच वर सिमेंट ओतायचं. आपल्या घरात तो गव्हाच्या दाण्याएवढा उतरला. नळवाला ग्वाक म्हणाला, “आजोबा, थंडीत काटाही आखडतो. तुमचे गुडघे आखडतात ना, तसा.” मी म्हटलं, “माझे गुडघे अजून सिमेंटखाली पुरायचे नाहीत.”

मग त्याच गुडघ्यांवर रांगत, कोरडं फडकं घेऊन, मी एकेक नळी पुसत गेलो. धाकट्या खोलीत फडकं ओलं झालं. नळी हातभर कमी पडली म्हणून ग्वाकच्या माणसांनी तुकडा जोडला होता. जमिनीखाली सांधा! मी तिथंच उभा राहून असं बोललो की कामगार हातातल्या शेवया विसरून ऐकत बसले. एकानं तर टाळी वाजवली. ग्वाक लाजला. भला माणूस आहे, फक्त घाईचा. त्यानं त्या खोलीत सगळी नळी नव्यानं, अखंड अंथरली. दुसऱ्या दिवशी काटा जागचा हलला नाही. मी वळून तुझ्या आईला “पाहिलंस?” म्हणालो. दारात कोणी नव्हतं. हल्ली मी पुष्कळदा असा रिकाम्या दाराशी बोलतो.

ग्वाकनं विचारलं, म्हातारा एकटा, धाकटी खोली एवढी निगुतीनं कुणासाठी? मी कागद काढून हे पत्र लिहायला बसलो. हजार माणसांपुढे कधी अडखळलो नव्हतो.

तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. संध्याकाळी चुलीतली कोळशाची वडी तू बदललीस, आणि झाकण आपल्याच हातून उघडं राहिलं असं तू धरून बसलीस. तू कधी विचारलं नाहीस, मीही बोललो नाही. आता ऐक. झाकण बंद होतं. सकाळी मी स्वतः पाहिलं. वायू आला तो खोलीच्या सर्वांत उबदार कोपऱ्यातल्या, जमिनीच्या भेगेतून. माझ्या भाताची वाटी गरम राहावी म्हणून तुझी आई ती तिथंच गोधडीखाली ठेवायची. ती महिनाभर सांगत होती, भेग लिंपा. मी म्हणत होतो, रविवारची सभा होऊ दे. त्या सभेत मी कामगारांच्या घरांवर दोन तास बोललो, आणि माझ्या घरातली भेग तशीच राहिली. चूक माझी होती, पोरी. ती मी तुझ्या डोक्यावर राहू दिली, कारण मला ती पेलवत नव्हती.

सिमेंट शनिवारी यायचंय. ग्वाकला सांगितलंय, माझी मुलगी म्हणेल तेव्हाच ओतायचं. शनिवारी सकाळी ये. मी बॉयलर सुरू करीन. तू धाकट्या खोलीत गुडघे टेक आणि त्या नळीवरून पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत हात फिरव.

तुझाच,
बाबा