पेटीतली सुरी

१ नोव्हेंबर

सुरीची मूठ आज हातात आली! पातं भोपळ्यात, मूठ माझ्याजवळ. ह्यांनी वर्तमानपत्राआडून विचारलं, "लागलं का?" नाही म्हटलं. "मग ठीक," म्हणाले आणि पान उलटलं.

एकतीस वर्षं झाली हिला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी हातात दिली तेव्हा चार बोटं रुंद होती. दगडावर घासून घासून आता जेमतेम बोटभर उरलीय. तूर्त दोरी गुंडाळून मूठ बसवलीय. पण हिचं झालं आता. आठ तारखेला मठात सुऱ्यांचं श्राद्ध असतं, तिथे तिचे आभार मानून, हात जोडून सोडून यायची.

आणि मग मी काय दातांनी चिरू? बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात ह्यांच्या चौदा सुऱ्या झोपल्यात. प्रत्येकीला लाकडी पेटी, आत रेशमी कापड.

"एक द्या की."

"त्या वापरायच्या नाहीत."

"मग कशासाठी आहेत?"

"असण्यासाठी."

छत्तीस वर्षं पोस्टात शिक्के मारलेला माणूस असं बोलतो! बाजारातून नवी आण म्हणाले. आणणार नाही. घरात चौदा असताना पंधरावी विकत घेतली तर कान्नोनदेवीपुढे कुठल्या तोंडाने बसू?

२ नोव्हेंबर

रविवार. हे कपाटासमोर. एकेक सुरी काढायची, पांढरी पूड टिपायची, पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं, खिडकीच्या उजेडात धरायची आणि श्वास रोखून बघायचं. एवढं तेल माझ्या केसांना जन्मात लागलं नाही.

"वापरतोच की मी," म्हणाले, "डोळ्यांनी."

"मग पुलाजवळच्या दुकानातला निळा किमोनो मीही वीस वर्षं नेसतेय!"

हसले नाहीत. एक सुरी परत पुसली.

३ नोव्हेंबर

दोरी सुटली. कोबी हातांनी तोडला. ह्यांनी तसाच खाल्ला.

४ नोव्हेंबर

दुपारी मुराईवहिनी रडतच आल्या. मुराई म्हणजे ह्यांचे जुने मित्र, सुऱ्या जमवण्यातले जोडीदार. ऑगस्टमध्ये गेले. मागे तेवीस सुऱ्या. वहिनींना घरात त्या बघवत नाहीत, म्हणून आज सगळ्या ढकलगाडीवर घालून मठात घेऊन गेल्या. श्राद्धाला ठेवा म्हणाल्या. गुरुजींनी पेट्या उघडल्या आणि विचारलं, "ह्या सुऱ्यांनी काय काम केलं?"

"काही नाही. मुराईंनी कुणाला हातच लावू दिला नाही."

"मग आभार कशाचे मानायचे? आधी काहीतरी करू द्या त्यांना, मग आणा."

"चार दिवसांत तेवीस सुऱ्यांना कुठून काम देऊ हो, नोबुएताई? एकटीला एक मुळा आठवडाभर पुरतो!" असं म्हणून पुन्हा डोळ्यांना किमोनोची बाही.

मुळा! परसात माझे हातभर लांब मुळे उपटायलाच आलेत. म्हटलं, आणा सगळ्या इकडे.

मी शाळेपुरतीच शिकले, पण गुरुजींचं म्हणणं मला पटलं. हे दाराआडून ऐकत होते. त्यांचा चेहरा पडला होता.

५ नोव्हेंबर

पहिल्या सुरीलाच वाद. वहिनी म्हणतात एक चकती कापली की झालं. मी म्हटलं, एक पाय बुडवून वर आलं तर त्याला आंघोळ म्हणतात का? अख्खा मुळा पाहिजे. शेवटी मठात फोन केला.

गुरुजी म्हणाले, "कुणाचं तरी पोट भरलं तर वापरली." आणि फोन ठेवला.

झालं! मी मुळे चिरून कोंड्यात लोणच्याला घालायचं ठरवलं होतं. ते खायला येणार फेब्रुवारीत. आता सगळं आठ तारखेच्या आत पोटात जायला हवं!

वाम मासा सोलायच्या सुरीने मुळा. शेवया कापायच्या सुरीने मुळा. एक तर एवढी लांब की वहिनींनी मूठ धरली आणि टोकाकडे मी उभी, लांबूनच. हसून हसून पोट दुखलं. मुराई गेल्यापासून वहिनींना असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी गल्लीभर मुळ्याच्या साराचे वाडगे पोचवले.

६ नोव्हेंबर

मुळा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. सतरा सुऱ्या झाल्या. शेजारच्या शिराकीबाईंनी दार बोटभर उघडलं, वाडगा बघितला आणि फार नाजूक आवाजात म्हणाल्या, "अय्या, पुन्हा?"

ह्यांनी जेवताना विचारलं, "अजून किती?"

"सहा."

हात जोडून वाडगा उचलला, पण देवाचं नाव जरा मोठ्याने घेतलं.

७ नोव्हेंबर

आज शेवटची, तेविसावी. काळ्या पात्याची. ह्यांनी तीस वर्षं मुराईंकडे मागितली होती. मुराई विकायचे नाहीत. नव्या वर्षाला फक्त पेटी उघडून दाखवायचे आणि मिटायचे.

वहिनींनी ती मुळ्यावर टेकवली आणि हे दारातून ओरडले, "थांबा वहिनी! ही नको! त्या लोहाराच्या हातच्या अशा तीनच उरल्यात!"

"मग तुम्ही घेणार, भावजी?"

ह्यांचे कान लाल.

"आणि ठेवणार कुठे?" वहिनी म्हणाल्या. "कपाटात ना? म्हणजे एका कोठडीतून काढून दुसरीत. त्यापेक्षा असं करा, तुम्हीच चिरा."

वाटलं, आता उठून जातील. पण आले. बाह्या वर केल्या, हात धुतले, माझ्या फळीपाशी उभे राहिले — एकतीस वर्षांत पहिल्यांदा! चौदा सुऱ्यांचा मालक, आणि पहिली चकती लाकडी चपलेच्या टाचेएवढी जाड! वहिनींनी बाही तोंडात धरली. दुसरी जरा बरी. आठवी-नववीला हात स्थिरावला. मग एक चकती उचलून, सुरी धरतात तशी, खिडकीच्या उजेडात धरली. आरपार अंगणातलं झाड दिसत होतं.

पुढे चकत्यांवर चकत्या. नुसता सपसप आवाज. अंगठ्याला कापलेलं त्यांना कळलंसुद्धा नाही, मीच चिंधी बांधली.

मुळा संपल्यावर म्हणाले, "मुराईला कळलंच नाही गं."

"काय?"

"केवढी चांगली होती ही."

वहिनी चुलीकडे वळल्या. मीही उगाच झाकण उघडून बघितलं.

त्या मुळ्याचं सार ह्यांनी तीन वाडगे प्यायलं. मग ती सुरी स्वतः पुसली, पेटीत ठेवली आणि दोन्ही हातांनी वहिनींना परत दिली. "उद्या बाकीच्यांबरोबर न्या. आता नेता येईल."

तीस वर्षं मागितलेली! माझी सुरीही पुन्हा दोरी गुंडाळून, उद्यासाठी स्वच्छ फडक्यात बांधून फळीवर ठेवलीय. नव्या सुरीचा विषय पुन्हा काढला नाही. आजचा दिवस तसा नव्हता.

८ नोव्हेंबर

सकाळी मठात निघायला गेले तर फळीवर माझी सुरी नाही! तिथे ह्यांची पहिल्या पेटीतली, सगळ्यांत लाडकी. ओली. पात्याला कांद्याची पात चिकटलेली. कपाटाशी गेले, पहिली पेटी उघडली. रेशमी कापडावर माझी, दोरीसकट. शेजारी ह्यांच्या पोस्टातल्या अक्षरात चिठ्ठी: "एकतीस वर्षं. वापरणारी नोबुए. कुणालाही द्यायची नाही."

पात्याला दोन्ही बाजूंनी तेल लावलं होतं.