क्रुसाच्या वाटेवरचा तांब्या

पांढरकवडा,
पवित्र शनिवार

प्रिय आई,

तुझा आशीर्वाद मागते. मी बरी आहे. ऊन फार आहे, पण नर्सेसच्या खोलीत कूलर आहे. तुझ्या पायांची सूज उतरली का?

काल गुड फ्रायडेची क्रुसाची वाट आम्ही शेतांमधल्या पांदणीने काढली, येशूचा क्रूस वाहतानाचा शेवटचा प्रवास करून दाखवत, ठिकठिकाणी प्रार्थनेला थांबत. दवाखान्याचा ड्रायव्हर अंतोन येशू झाला होता. त्याला उपास, आणि खांद्यावर खरा लाकडी क्रूस. येशू पहिल्यांदा पडतो त्या स्थानावर तो ठरल्याप्रमाणे पडला. आम्ही गुडघे टेकले, फादरांनी प्रार्थना सुरू केली.

तेवढ्यात शेजारच्या वावरातून बेबीताई तांब्या घेऊन धावत आल्या. त्या हिंदू, त्यांनी हे कधी पाहिलंच नव्हतं. "काहून नुसते पाहून राह्यले बाप्पा? पाणी तं पाजा त्याले!" असं ओरडून त्यांनी अंतोनचं डोकं मांडीवर घेतलं. तो घटाघटा प्यायला.

ही प्रार्थना आहे, असं मी त्यांना समजावलं.

"असन," त्या म्हणाल्या, "पण ओठ तं खरेच सुकले ना त्याचे."

आई, "मला तहान लागली आहे" हे येशूचे क्रुसावरचे शब्द आपण दर वर्षी ऐकतो आणि मान खाली घालून रडतो. पाणी आणावं, हे सुचलं ते त्या बाईला. कालपासून मी मनातल्या मनात तिच्याच पाया पडते आहे.

बाबा फोनवर म्हणाले, डॉक्टरांनी बजावूनही काल उपास म्हणून तू दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाहीस. हे वाचून झालं की उठ आणि पेलाभर पाणी पी. नाहीतर बेबीताईंना तांब्यासकट वसईला पाठवीन.

तुझीच,
मर्सी