टाचेमागची एक बोट जागा

प्रिय कोर्बी,

वर्कशॉपमधलं कामाचं टेबल मी केलं, लार्चच्या लाकडाचं. स्कीचे बूट गरम करायची पेटी मी केली, बेकरीच्या मोडक्या भट्टीच्या पत्र्यातून. घोट्याचं हाड टोचतं तिथे प्लास्टिक आतून बाहेर रेटायचा दांडा मी बनवला आणि त्याच्या टोकाचे लाकडी गोळेही मीच कातले. टाचेमागची जागा मोजायला बीच झाडाच्या लाकडाच्या एकसारख्या, बोटाएवढ्या खुंट्या तासल्या, कारण सगळे ती जागा बोटाने मोजतात, आणि माझं बोट तुझ्या बोटापेक्षा जाड आहे. पोराच्या पायाचं माप कुणाच्या बोटावर का अवलंबून असावं? दारावरची पाटीही मीच कोरली. तिच्यावर आपलं आडनाव आहे. आता तेवढंच आपल्या दोघांचं. यातलं काही कुणी शिकवलं नाही. तू इन्सब्रुकला व्यापार शिकत होतास तेव्हा मी लोकांचे फेकलेले बूट कापून आत काय असतं ते बघत होतो.

सोमवारी तुझी बुर्गी शाळेतून थेट माझ्याकडे आली. ‘बाबांना सांगू नकोस हं काका, त्यांना वाटतंय मी पियानोला गेलेय.’ पिशवीतून बूट काढून तिने टेबलावर ठेवले, मेलेली कोंबडी ठेवावी तसे. म्हणाली, ‘हे माझं ऐकत नाहीत. मी वळते, आणि मग थोड्या वेळाने हे वळतात.’ अकरा वर्षांची पोर, कोर्बी. दुखणं याहून नेमकं कुणी सांगितलेलं मला आठवत नाही, आणि माझ्याकडे डॉक्टरही येतात.

त्याच्या आदल्या रविवारी शर्यतीत ती पडली, तेव्हा मी दोरीपाशी उभा होतो. तू मला पाहिलं नाहीस, किंवा पाहिलंस. सगळ्या गावासमोर म्हणालास, ‘बूट माझ्या दुकानातले सगळ्यात भारी, आणि पोरीला काळीजच नाही.’ ती हेल्मेट काढत नव्हती. का काढत नव्हती, ते तुला सोडून सगळ्यांना कळलं.

मी बुटाच्या आतलं अस्तर काढलं, नुसत्या कवचात तिला पाय घालायला लावला आणि बोटं पुढे टेकवायला सांगितली. टाचेमागे खुंटी घातली. शर्यतीतल्या पोराला एक पुरते. इथे दोन गेल्या आणि वर खुळखुळल्या. तिचा पाय साडेबावीस सेंटिमीटर, बूट साडेतेवीसचा. मोजे दोन जोड. विचारलं तर म्हणाली, ‘बाबा म्हणाले, यंदा दोन घाल, पुढच्या वर्षी एक.’ मला हसू आलं, आणि मग नाही आलं.

आईचंच वाक्य हे. आठवतं? नवे बूट मोठ्या मापाचे घ्यायचे, पुढे लोकर कोंबायची. मला ते बसायला लागेपर्यंत विरायचे, आणि मग तुझ्याकडे यायचे, पुन्हा लोकर कोंबून. जन्मभर माझे उतरलेले घातलेस, म्हणून पोरीला नवे आणि सगळ्यात महाग, हे मला समजतं. पण तेही वाढत्या मापाचे! दरीतलं सगळ्यात मोठं दुकान तुझं, आणि डोक्यात अजून आईची लोकर.

शिकाऊ पोराला सैल बूट एखाद्या वेळी खपून जातो. ते सावकाश जातं, बुटाला मागून यायला सवड मिळते. बुर्गीला सवड नसते. तिची टाच हलली की त्याच क्षणी स्की हलली पाहिजे. शिवाय तो बूट कडक आहे, चौतीस किलोच्या मुलीला फारच कडक. तू तो दुकानात वाकवून पाहिला असशील. दुकानाच्या उबेत सगळेच वाकतात, बाहेर उणे बारा अंशांत तोच दगड होतो. म्हणून मी बूट आधी रात्रभर खिडकीबाहेर ठेवतो आणि मग वाकवतो. लोक हसतात. हसू देत.

माझ्याकडे बेकरीवाल्याच्या मुलीची जोडी होती, एकच हिवाळा वापरलेली, साडेबावीसची, मऊ. घोट्याजवळ रेटून जागा केली, तळ तिच्या पावलाप्रमाणे घडवला. घातल्यावर कुरकुरली, ‘बोटं टेकतात, काका.’ म्हटलं, ‘उभ्याने टेकणारच. गुडघे वाकव.’ वाकली, टाच मागे बसली, बोटं सुटली, आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच. मग जाताना मला म्हणते, ‘बुटांशी बोलतोस तेवढं काकूशी बोलला असतास तर ती तुला सोडून लिंझला गेली नसती.’ मी म्हटलं, ‘तिच्या पायात दोष नव्हता.’ तिखट जीभ आपल्या आईची आहे, तुझी नव्हे.

मंगळवारी ते घालून ती उतारावर गेली. मी बघायला गेलो. काय पाहिलं ते लिहिणार नाही. तू यायला हवं होतंस.

संध्याकाळी मी बूट खोक्यात घातले, दोरी बांधली आणि खोकं तिच्या हातात दिलं. बुधवारी तुझा नोकर ते परत घेऊन आला, माझ्या गाठीसकट, न उघडलेलं. दारातूनच म्हणाला, ‘साहेब म्हणतात, दुकानाच्या पोस्टरवर आमची पोरगी, आणि पायात जुन्या बाजारातले बूट? गिऱ्हाइकांना तोंड कुठलं दाखवू?’ बिचारा तुझे शब्द बोलताना टोपी काढून उभा होता.

आणि गुरुवारी तुझ्या वकिलाचा कागद आला. सात वर्षं तू माझ्या दारावरून न थांबता गाडी नेतोस, आणि नेमका या गुरुवारी तुला माझा उमाळा आला. कागदात माझ्या टेबलाला, पेटीला, खुंटीला मिळून ‘किरकोळ सामान’ म्हटलंय. आणि अट अशी की दहा वर्षं या दरीत तुझ्या दुकानाबाहेर मी कुणाच्या पायाला हात लावायचा नाही. मी वकिलाला फोन करून विचारलं, पुतणीच्याही नाही? तो म्हणाला, ‘कुणाच्याही म्हणजे कुणाच्याही, सेवेरीनसाहेब.’ शनिवारी तिची स्की-शाळेची परीक्षा आहे. ते बूट मी पहाटेपासून शेगडीजवळ ठेवणार आहे, कारण गार बुटात पाय जात नाही. दार उघडं असेल. तिला पाठव, नाहीतर काळीज नसलेलं कोण ते शनिवारी पुन्हा सगळ्या गावासमोर ठरेल. वकिलाने उत्तर लेखी मागितलंय, म्हणून हे पत्र, आणि त्याला नको, तुलाच लिहितोय: वर्कशॉप, पाटी, किरकोळ सामान आणि मी, सगळ्याचे मिळून तू देऊ केलेस एक लाख ऐंशी हजार युरो. मी नाही म्हणतोय.

तुझाच थोरला,
सेवेरीन