जाड तारेचा हट्ट

३ फेब्रुवारी
माझे वडील, तात्या, म्हणायचे, "कल्पू, तार जाड ठेव, ट्रान्सफॉर्मर थंड राहतो." मी बारा वर्षांची होते, याच फ्रीगंजच्या वर्कशॉपमध्ये. आज त्याच वाक्यावर ई-रिक्षाच्या चार्जरचा ट्रान्सफॉर्मर डिझाइन केला. फ्रिक्वेन्सी दीड लाख हर्ट्झ. तारेचा रेझिस्टन्स साध्या मीटरवर मोजून लॉस काढला. पाऊण वॉट. कागदावर अगदी गार.

६ फेब्रुवारी
ट्रान्सफॉर्मर बांधून चालवला. तापमान ९६ अंश. तापमानाचा मीटर जुना आहे. तात्यांच्या वेळेपासून वाइंडिंग करणाऱ्या अलकाताई म्हणाल्या, "दुपारच्या जेवणाचे बाफले यावरच शेकून घेऊ का?" मी हसले नाही.

७ फेब्रुवारी
नवा मीटर आणला. ९७. आणखी जाड तार, एक थर जास्त. उद्या प्रश्न मिटेल.

८ फेब्रुवारी, दुपार
११८. दोष फेराइटचा, म्हणजे आतल्या कोअरचा. सप्लायरला कडक मेल लिहिली. मग नुसता कोअर तपासला. चांगला निघाला. मेल ड्राफ्टमध्ये ठेवली, कधीतरी लागेल.

१० फेब्रुवारी
सुहासची आठवण यायचं काही कारण नाही. दोन वर्षांपूर्वी, तात्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा धाकटा भाऊ याच टेबलाशी म्हणाला, "ताई, तात्या घरच्या लाइनीच्या पचास हर्ट्झचे होते. एवढ्या फ्रिक्वेन्सीला करंट तारेच्या सालीतूनच वाहतो. बारीक तारा पिळून घे." मी म्हटलं, मग तू तुझं वर्कशॉप काढ. तो पुण्याला गेला. त्याला जायचंच होतं.

१२ फेब्रुवारी
तात्यांच्या ड्रॉवरमध्ये सुहासने केलेल्या वाइंडिंगचा नमुना सापडला. केसांसारख्या तारा, वेणीसारखा पीळ. टेस्ट करणार नाही. वेळ नाही.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
केली. ५८. सेन्सर निसटला असावा.

१३ फेब्रुवारी
सेन्सर चिकटवून चार तास चालवला. ५८. अलकाताई म्हणाल्या, जाण्याआधी तात्यांनीही सुहासचा हा नमुना लावून पाहिला होता. त्यावर हात ठेवून बसले आणि म्हणाले, पोरगा आपल्या पुढे निघाला. मला कधी सांगितलं नाहीत, मी विचारलं. "तुम्ही सुहासभैयाचं नाव काढू देत होता का?"

१४ फेब्रुवारी
अलकाताईंकडून पीळ नीट बसत नाही. माझ्याकडूनही नाही. त्याला बोलवायचं कारण निदान आज तरी तेवढंच लिहिते. सुहासला मेसेज टाकला. तो नाहीच म्हणेल.
"तुझं बरोबर होतं. एक दिवस घरी ये आणि मला पीळ घालायला शिकव."