पाहिले

१६ जुलै, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार.

"तुला शिकवता येत नाही गं, तुला फक्त दाखवता येतं." माझ्या पहिल्यावहिल्या पाठानंतर, शिक्षकखोलीच्या दारात, बोटांवरचा खडू झटकत तू हे म्हणालीस. तुला आठवत नसणार. तू तेव्हा दिवसाला अशी दहा वाक्यं बोलायचीस आणि घंटा झाली की विसरायचीस. मी मात्र वर्षाच्या आत शाळेतली नोकरी सोडली, आणि गेली बावीस वर्षं आपण दोघी तब्येत आणि हवा यांच्यापलीकडे बोललो नाही.

तर, तब्येत: माझा खोकला गेला. हवा: बरी आहे.

आता खरं लिहिते. मंगळवारी मी तुमच्या शिक्षकांना ऑनलाइन साधनं शिकवायला आले, तेव्हा तू विचारलंस, "तू कशी इथे?" मी म्हणाले, "ऑफिसने पाठवलं." खोटं. ऑफिसने दुसरीलाच नेमलं होतं. तिच्या हातापाया पडून मी तुमची शाळा मागून घेतली, कारण आदल्या रविवारी भावजींचा फोन आला होता. "तुझ्या ताईने राजीनामा दिलाय. निवृत्तीला तीन वर्षं उरलीत, आणि कारण विचारलं तर म्हणते, कंटाळा आला. तिला? कंटाळा? अंगात ताप घेऊन वर्गावर जाणारी बाई ही!" मग जरा थांबून म्हणाले, "हल्ली घरात कप फार फुटतात."

त्या दिवशी संगणकखोलीत तू शेवटच्या बाकावर बसलीस. मी सगळ्यांना मोबाइलवर त्या ऑनलाइन फळ्याची लिंक पाठवली. नाव न घालता जो लिहील त्याला तो फळा आपणहून एखाद्या प्राण्याचं नाव देतो, हे कळल्यावर तुमची मंडळी पहिलीतल्या मुलांसारखी हरखली. "अगं बाई, मी खार!" "पाणघोडा कोण आहे? पाणघोडा?" आणि पुढच्या रांगेतून मुख्याध्यापिकाबाईंचा हात हळूच वर आला.

मी म्हणाले, वर्गात तुम्हाला काय अडतं ते लिहा, नाव नको. पडद्यावर चिठ्ठ्या उमटायला लागल्या. मुलं ऐकत नाहीत. पंखा वाजतो. तपासायला वह्या फार. आणि एक चिठ्ठी कासवाची: "खडू न धरता भाषा शिकवता येते का?"

चित्रकलेचे सर मोठ्याने म्हणाले, "घ्या! कासवाला आता हातपायसुद्धा आत ओढून घ्यायचेत!" सगळे हसले. मीही हसले, ताई. मला माहीत नव्हतं.

मग त्या कासवाने एकेका चिठ्ठीखाली लिहायला सुरुवात केली. "पाहिले." पंख्याच्या खाली "पाहिले." वह्यांच्या खाली "पाहिले." नुसतं वाचून सोडायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सतरा चिठ्ठ्या, सतरा वेळा. "कासवराव, गठ्ठा घरी न्या," कुणीतरी ओरडलं.

माझं हसू तिथेच थांबलं. लहानपणी तू माझी शुद्धलेखनाची वही तपासायचीस, आठवतं? शाबास नाही, चूक नाही. लाल पेनाने एवढंच: पाहिले. आणि पुढे टिंब, कागदाला भोक पडेल असं.

मी शेवटच्या बाकाकडे बघितलं. तुझा उजवा हात मांडीखाली दाबलेला होता आणि तू डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करत होतीस. ज्या बाईच्या फळ्यावरच्या अक्षराचे मुलं फोटो काढून नेत, ती बाई.

पुढचा तास मी प्रश्नपत्रिका ऑनलाइन कशी काढायची ते शिकवणार होते. ते मी सोडून दिलं. फक्त एकच गोष्ट दाखवली: मोबाइलमध्ये बोलायचं आणि शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरात उमटतात. पुन्हा दाखवली. तिसऱ्यांदा दाखवली, तेव्हा खारबाई जांभया द्यायला लागल्या. तुझ्याकडे मी एकदाही पाहिलं नाही. तेवढं मला जमतं.

परवा शुक्रवारी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. हसून हसून त्यांना बोलता येईना. तू सातवीच्या वर्गात कविता बोललीस, ओळी पडद्यावर आल्या, आणि माइक बंद करायचा राहिला. त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये उमटलं: "ए खिडकीवाली कावळे मोजून झाले का". वर्गात हशा फुटला. बाई म्हणाल्या, सगळ्यांत जास्त तू हसत होतीस, टेबलाला धरून.

मधल्या सुट्टीत तू त्यांच्याकडे गेलीस आणि राजीनाम्याचा कागद परत घेतलास. "अक्षर बरं नाही आलंय, पुन्हा लिहून आणते," म्हणालीस. अजून आणलेला नाहीस.

फोन ठेवला आणि मी घरातल्या सगळ्या खिडक्या पुसल्या. का, ते विचारू नकोस. अंगात काहीतरी सुटं झालं होतं आणि एका जागी बसवेना. रात्री अंथरुणाला पाठ टेकली ती थेट सकाळीच उठले. कितीतरी दिवसांनी.

एक राहिलं. ते सांगितलं नाही तर हे पत्र नुसतंच गोड होईल. भावजींनी कपांचं सांगितलं तेव्हा मला आधी बरं वाटलं. काळजी नंतर आली. मधे चहाला उकळी येईपर्यंत मी ओट्याशी उभी राहून मनात म्हणत होते, आता तुलाही कळेल, वर्ग सोडावा लागणं काय असतं. तुमच्या शाळेत मी त्या उकळीपायी आले की तुझ्यापायी, हे बसमध्ये बसले तरी मला माहीत नव्हतं. त्या कासवाला पाहिलं तेव्हा कळलं.

डॉक्टरांकडे भावजी नेतीलच, त्यात मी पडत नाही. माझं मागणं वेगळं आहे. हे पत्र मी मुद्दाम कागदावर लिहिलंय आणि शेवटी उजव्या कोपऱ्यात जागा सोडली आहे. तिथे लाल पेनाने तो एक शब्द लिही आणि हाच कागद मला परत पाठव. बोलून नको, डाव्या हाताने नको. उजव्याने. रेघ हलेल, टिंब भलतीकडे पडेल, पडू दे. तू पाठवणार नाहीस, मला ठाऊक आहे. तरी मागते.

तुझं,
शेंडेफळ