पालकाचा नोंदणीकृत नंबर

सोमवार, ३ मार्च २०२५. सकाळी ६.१०

आमच्या डोंबिवली पश्चिमेला मे महिन्यात मुलामुलींची बास्केटबॉल लीग होते. यंदा मुलींच्या अंडर-१४ गटात एका टीमचा कोच मी. निर्णय काल झाला, आज नोंद.

रसिका, माझी मुलगी, गेल्या वर्षी ठाकुर्ली थंडरकडून खेळली. टीम चौथी आली. टीम्स एकूण चार. कारण उघड आहे: कोचिंग अशास्त्रीय.

मी स्वतः कधी खेळलेलो नाही. त्याने अडत नाही. ड्रॉइंग वाचायलाही मला कोणी शिकवलं नव्हतं. आज एमआयडीसीतल्या कारखान्यात क्वालिटीला आहे आणि माझ्या सहीशिवाय एक बुश (यंत्रात बसवायची धातूची नळी) गेटबाहेर जात नाही. बास्केटबॉलचं नियमपुस्तक दोनदा वाचून झालं. छपाईच्या तीन चुका सापडल्या.

विनिताला जाऊन काल सात महिने झाले. तिचा फोन ओट्यावरच्या फळीवर चार्जिंगला असतो. रिचार्ज मीच मारतो. गॅस, शाळा, लीग, सगळीकडे पालक म्हणून तिचाच नंबर आहे, ओटीपी तिथे येतात. भावनिक कारण नाही.

शुक्रवार, ७ मार्च. संध्याकाळी ७.४५

नोंदणी सुरू. पद्धत बरी आहे. १ जानेवारीला चौदा पूर्ण झालेली नसावीत. रसिका त्या दिवशी तेरा वर्षं दहा महिने वीस दिवसांची होती. जन्मदाखला अपलोड करायचा, पालकाच्या नंबरवर ओटीपी येतो, तो टाकला की फॉर्म उघडतो. टीम आपण निवडायची नाही. ट्रायल होते, मार्क पडतात, मग लीग टीम पाडते. अपवाद नियम ७: कोचचं मूल आपोआप कोचच्या टीममध्ये. कोणी म्हणेल मी यासाठीच कोच झालो. तसं नाही.

रसिकाचा फॉर्म भरायला बसलो तर साइट सांगते, या खेळाडूची नोंदणी आज ५.४० ला पूर्ण झालेली आहे. म्हणजे गेल्या वर्षीच्या माहितीवरून आपोआप. सिस्टीम चांगली बसवलीय. लीगच्या सेक्रेटरीला, नयनला, भेटून कौतुक केलं पाहिजे.

जेवताना रसिकाला नियम ७ समजावला. ओके म्हणाली. पुन्हा समजावला. पुन्हा ओके. आनंद पोटात ठेवते, आईसारखी.

मंगळवार, ११ मार्च. संध्याकाळी ६.५०

एक विचित्र. विनिताचा फोन सकाळी शंभर टक्के होता. आता ६२. वायर काढलेली. आणि स्टूल खिडकीशी.

आमच्या स्वयंपाकघरात रेंज फक्त खिडकीशी येते. विनिता तिथेच स्टूल टाकून बहिणीशी बोलायची, एक पाय दुसऱ्यावर. सात महिने ते स्टूल ओट्याखाली होतं. परत तिथे ठेवलं.

आईला विचारलं (माझी आई आमच्याकडेच असते), दुपारी कोणी आलेलं का. म्हणाली, मी आणि पोर, तिसरं कोण येणार? मग माझ्याकडे बघून म्हणाली, अरे साईनाथ, कारखान्यात तुला केसाएवढी चीर दिसते ना रे? म्हटलं, दिसते. म्हणाली, हां, तेवढीच बघ.

अर्थ लागला नाही. वय झालंय.

बुधवार, १२ मार्च

बॅटरी ५८. स्टूल खिडकीशी.

मी असल्या गोष्टी मानत नाही. म्हणूनच नोंद ठेवतोय. आठ दिवसांचं रीडिंग घेतल्याशिवाय मत बनवायचं नाही.

गुरुवार, २० मार्च

रीडिंग पूर्ण. घट रोज पस्तीस ते बेचाळीस टक्के, फोनमधल्या बॅटरीच्या आलेखाप्रमाणे दुपारी चार ते सहा या वेळात. रविवारी घट शून्य. रविवारी मी घरी असतो. म्हणजे जे काही आहे ते मी नसताना.

विनिताही मी घरात असलो की फोनवर बोलायची नाही. मी मध्ये दुरुस्त्या करायचो म्हणे.

निष्कर्ष: बॅटरी जुनी झाली.

(हे लिहिताना दोनदा मागे वळून पाहिलं. पंखा होता.)

सोमवार, २४ मार्च

तिच्या व्हॉट्सॲपला लास्ट सीन दाखवतंय. काल नाही, आज.

चाचणी म्हणून कारखान्यातून तिला मेसेज पाठवला: रसिकाला चाल रचणारी पॉइंट गार्ड करावं का? वेळ ४.३१. ४.५२ ला त्यापुढे दोन निळ्या खुणा.

हातातला मापं घ्यायचा वर्नियर टेबलावर ठेवला. मी स्क्रॅपला टाकलेला एक बुश आज ओकेच्या ट्रेमध्ये गेला. बावीस वर्षांत पहिला.

शनिवार, २९ मार्च

चाचणी रोज चालू आहे. मेसेज थोडे लांब होतायत, ते सांख्यिकीसाठी.

आजचा उतरवून ठेवतो: रसिका माझ्याशी बोलत नाही. हो, नाही, ओके, एवढंच. मी प्रयत्न करतो. काल तिला पिव्होट फूट (बॉल धरून वळताना जमिनीवरून उचलायचा नाही तो पाय) समजावला, चाळीस मिनिटं, खडूने लादीवर आकृती काढून. शेवटी विचारलं काही शंका? म्हणाली, झोप येतेय. तुझ्याशी एवढं काय बोलायची?

निळ्या खुणा ५.०३ ला आल्या. घरात विनिताच्या तेलाचा वास आला. आईने लावलं असेल. आई ते तेल लावत नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

शांतपणे लिहितो.

दुपारी विचारलं होतं: तिला माझ्या टीममध्ये आवडेल ना?

५.१७ ला उत्तर आलं. ‘अहो, तिलाच विचारा.’

मला अहो म्हणणारं या जगात एकच माणूस होतं.

बाकावर बसलो. ऑपरेटर सहदेव म्हणाला, साहेब, पाणी देऊ? चेहरा खडूसारखा झालाय. नको म्हटलं.

६.४० चा विचार: हा जुना मेसेज असणार. गेल्या जुलैतला, सर्व्हरमध्ये अडकलेला. तेव्हा मी भाजीवालीच्या काट्याबद्दल काहीतरी विचारलं होतं, त्याचं उत्तर आत्ता सुटलं. तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे.

रसिकाला विचारलं नाही. नियम ७ स्पष्ट असताना विचारण्याचं कारण नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. म्हटलं काय? म्हणाली, काही नाही. तूच काहीतरी विचारशील असं वाटलं. म्हटलं, अभ्यास झाला का? म्हणाली, ओके.

रविवार, ६ एप्रिल. सकाळ

मैदानावर मोजमापं घेतली. मैदान नयनच्या घरच्या जागेवर आहे, पूर्वी तिथे त्यांची मिठागरं होती. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर हवी. खाडीकडची २.९९ भरली. नयनला दाखवलं. म्हणाला, काका, आमच्या आजाने मीठ मोजलं नाय एवढं तुम्ही हवा मोजताय. सहा सेंटीमीटर पोरींना माफ करा.

शेजारी ठाकुर्ली थंडरची कोच करिश्मा हसत होती. वय सव्वीस, विद्यापीठाकडून खेळलेली आहे म्हणे. मला म्हणाली, सर, रसिका छान खेळते, तुम्हाला सांगते का घरी? म्हटलं, सगळं सांगते.

रविवार, १३ एप्रिल

ट्रायल. चाळीस मुली, पाठीवर नंबर. ड्रिब्लिंग, ले-अप (पळत येऊन रिंगखालून बॉल टाकणं), शूटिंग, धावणं, प्रत्येकी पाचपैकी मार्क. इथे कोणी बाद होत नाही. चांगल्या मुली एकाच टीममध्ये गोळा होऊ नयेत एवढ्यासाठी हे. स्वतःच्या मुलीला मार्क द्यायचे नाहीत असा नियम. मी दिले नाहीत. फक्त मनात धरले. मनात ३.२५. लीगचे ३.५. लीगची मापं सैल आहेत.

ले-अप टाकून झाल्यावर रसिकाने नेहमीसारखं कठड्याकडे पाहिलं, डावीकडून तिसरी जागा. विनिता तिथे डबा घेऊन बसायची. जागा रिकामी होती. इतकी गर्दी असून तिथे कोणी बसलेलं नव्हतं. मीही बसलो नाही.

रविवार, २० एप्रिल. संध्याकाळी ८.३०

आज ड्राफ्ट. नयनच्या ऑफिसात चार कोच, मध्ये यादी. एकेकाने एकेक मुलगी घ्यायची. पहिल्या फेरीत एक ते चार असा नंबर, दुसरीत चार ते एक, म्हणजे शेवटच्याला सलग दोन मिळतात. मला शेवटचा नंबर. मी आठ पानी तक्ता नेला होता. मी वाट बघत असलेली उंच कल्पिता पहिल्याच झटक्यात गेली. तक्त्याची पहिली चार पानं बाद.

तरी शांत होतो. रसिका येणारच होती. तिच्या मार्कांप्रमाणे तिसऱ्या फेरीत ती माझ्या नावापुढे लागायची. तिसरी फेरी आली आणि करिश्मा म्हणाली, रसिका, थंडर.

मी उठून नियम ७ वाचून दाखवला. नयनने त्याखालची ओळ वाचून दाखवली. ७(ब): पालकाने नोंदणीत लेखी नको म्हटल्यास लागू नाही. मी खेळाचं नियमपुस्तक दोनदा वाचलंय. लीगचं एक पान राहून गेलं.

म्हटलं, नको कोणी म्हटलं? त्याने लॅपटॉप वळवला. ‘विनंती: वडिलांच्या टीममध्ये नको.’ तारीख ७ मार्च, वेळ ५.४०. पालकाच्या नोंदणीकृत नंबरवरून, ओटीपीसकट.

म्हटलं, नयन, तेव्हा ती पालक जाऊन सात महिने झाले होते. मग तो हळू आवाजात म्हणाला, काका, ओटीपी कोणीतरी वाचला ना. जा घरी. कारण लिहिलेलं आहे, पण ते मला वाचायची परवानगी नाही, त्या नंबरवर पाठवतो.

माझ्या टीमच्या, दिवा डायनामोजच्या, दहा मुली माझ्या नावावर लागल्या. दोन ठाण्याच्या, एक टिटवाळ्याची, दिव्याची एकही नाही. कोणत्या घेतल्या ते यादी बघूनच कळेल.

चालत आलो. वाटभर एकच: विनिताला मी कोच म्हणून पसंत नव्हतो. जाऊनही तिने अर्ज केला. जिवंतपणी तोंडावर बोलली असती तर ऐकलं असतं. (नसतं.)

दार आईने उघडलं. स्वयंपाकघरात दिवा नव्हता, खिडकीतून बाहेरचा उजेड येत होता. स्टूलवर पाठमोरी, एक पाय दुसऱ्यावर, कानाशी फोन. मी दारातून हाक मारली, विनिता.

तिने मान वळवली. म्हणाली, बाबा, मी आहे.

मग आई माझ्या पाठीमागून म्हणाली, दीड महिना बॅटऱ्या मोजतोय, पण घरात पोरगी आहे हे कोण मोजणार?

रसिकाने फोन माझ्या हातात दिला. कारण असं लिहिलंय, जसंच्या तसं:

‘मॅच झाली की मी आईला सगळी मॅच सांगायचे. तिला नियम कळायचे नाहीत तरी ऐकायची. आता सांगायला बाबाच आहे. तो कोच झाला तर त्याला सगळं आधीच माहीत असणार.’

विचारलं, रोज फोनवर कोण? म्हणाली, कोणी नाही, आईचे जुने व्हॉइस मेसेज. म्हणजे माझे मेसेज? म्हणाली, सगळे वाचले. पिव्होट फूटवालापण. मग उत्तर का नाही दिलंस? दिलं की एकदा, म्हणाली. तू विचारलंच नाहीस.

शुक्रवार, २५ एप्रिल

कोचपदाचा राजीनामा द्यायला गेलो. नयन म्हणाला, काका, बॅनर छापून आला, आता तुम्ही मेलात तरी कोच. मग जीभ चावून सॉरी म्हणाला.

पहिली प्रॅक्टिस घेतली. पिव्होट फूटचा सिद्धांत सांगितला. सुरुवातीला मुली दहा, शेवटी सहा. चौघींच्या आया लवकर आल्या.

फोन रसिकाकडे दिला. फळीवर त्याच्या जागी धुळीत चौकोन राहिलाय. मी पुसला नाही. आईनेही नाही.

रविवार, ४ मे. संध्याकाळी ७.१५

पहिली मॅच. डायनामोज विरुद्ध थंडर. ३१–९. नऊ आमचे.

कारणं: ऊन, खाडीकडची रिंग, आणि पिव्होट फूटवर उभ्या राहिलेल्या माझ्या मुली, ज्या तिथेच उभ्या राहिल्या.

रसिकाचे दोन पॉइंट, तिसऱ्या क्वार्टरमध्ये, माझ्याच बचावातून. मी टाळ्या वाजवल्या. मागून एक आई म्हणाली, अहो सर, आपली टीम निळी! दुसरी म्हणाली, असू दे गं, त्यांना तेवढं तरी दिसलं.

घरी आल्यावर रसिका बूट न काढताच समोर बसली. म्हणाली, बाबा, तू बघितलंस ना सगळं? म्हटलं, नाही गं. माझं सगळं लक्ष माझ्या बेंचवर. तुमचं काय चाललं होतं, काही कळलं नाही. नीट सांग.

मॅच बत्तीस मिनिटांची. सांगायला एकावन्न लागली. तिच्या सांगण्यात तिने तीन मुलींना चुकवलं (एक), बॉल लांबून टाकला (रिंगखालून), आणि टाकण्याआधी पावलं तीन पडली होती (चालतात दोन), रेफरीने सोडलं, त्याचा उल्लेखच नाही.

त्या पावलांवर माझं तोंड उघडलं. रसिका थांबली. आईने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली.

उघडलंच होतं म्हणून विचारलं, मग? पुढे?