तंबूतल्या बाईची अर्धी गोष्ट

मी, खाली स्वतःच्या हाताने सही करणारी, तंबू आणि ताडपत्र्या शिवून जगलेली विधवा बाई, शुद्धीवर असताना आणि कोणाच्या दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. माझी छाती गेली आहे, डोकं गेलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. मला धाक दाखवणाऱ्याचं काय होतं ते कलम तीनमध्ये येईलच.

लिहून घेणारे अर्जनवीस सभ्य गृहस्थ आहेत. "आजी, मृत्युपत्रात इतकं बोलू नये," असं ते म्हणाले. मी म्हटलं, "मग कुठे बोलू? मेल्यावर?" तेव्हापासून निमूट लिहीत आहेत.

कलम १. राहतं घर आणि त्याखालची कार्यशाळा माझी स्वकष्टार्जित आहे. सासरचा, माहेरचा किंवा नवऱ्याचा त्यात एक खिळासुद्धा नाही. ही दोन्ही मी माझ्या सुनेला देते. मुलाला नाही.

उपदेशकांना हे खटकेल. ते दर शनिवारी प्रार्थनाघरात आम्हा बायकांना शास्त्रातलं गुणी बायकोचं प्रकरण वाचून दाखवतात. ती उजाडायच्या आत उठते, घरच्यांना वाढते, तिचा दिवा विझत नाही. एवढं झालं की ते चष्मा काढतात, आणि चष्मा काढला की गोष्ट संपली. पण त्याच बाईने पुढे स्वतःच्या कमाईतून शेत घेतलं, तिचे दंड बळकट होते, ती कपडे शिवून व्यापाऱ्यांना विकायची. हे मी घरी बसून वाचलं. तेव्हा माझी ही वास्तू शास्त्राला धरूनच उभी आहे, कोणी शंका काढू नये.

कलम २. मुलाला का नाही, ते सांगते. तो माझ्या पोटचा आहे, पण हात बापाचा घेऊन आला आहे. गेल्या महिन्यात चहा निवला म्हणून त्याने सुनेचं डोकं शिलाई मशीनवर आपटलं. भुवई फाटली, मशीनच्या चाकाला केस चिकटले होते, ते मी पुसले. त्याआधी बरगडी मोडली. त्याआधी पोटातलं बाळ. इथे अर्जनवीसांनी पेन थांबवलं. मी म्हटलं, थांबू नका, लिहा, माझं नातवंड त्याच्या लाथेने गेलं.

मी त्यांच्या खोलीच्या दाराशी खाट टाकून झोपते. कण्हण्याचा आवाज आला की काठीने दार बडवते. म्हणून ती पोर अजून जिवंत आहे. मी गेल्यावर त्या खाटेवर कोण झोपणार? मला दुसरी कसलीही काळजी नाही, आणि हा सगळा कागद तेवढ्यासाठीच आहे.

टाके ओले असताना सून उपदेशकांकडे गेली होती. त्यांनी तिला तंबूतल्या बाईची गोष्ट सांगितली. लढाईतून पळालेला, दमलेला सेनापती त्या बाईच्या दारी आला. तिने त्याला आत घेतलं, पाणी मागितलं तर दूध दिलं, अंगावर पांघरूण घातलं. "मुली, थकलेल्या पुरुषाला असं सांभाळावं. जा घरी," म्हणाले. आणि काढला चष्मा.

कलम ३. पुढचं मी सांगते. लोकांना छळणाऱ्या त्या सेनापतीला झोप लागल्यावर त्या बाईने तंबूची खुंटी घेतली, हातोडा घेतला आणि खुंटी त्याच्या कानशिलातून आरपार जमिनीत ठोकली. शास्त्रात तिचे गोडवे गायले आहेत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नवऱ्याने मोडलेली माझी करंगळी पट्टीला बांधलेली होती. खुंट्या ठोकण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे वाचताना मला तो आवाजसुद्धा ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी नवरा कार्यशाळेच्या फळ्यांवर घोरत पडला होता. मी एक खुंटी त्याच्या कॉलरमधून फळीत बसवली. दुसरी कानाला घासून. पाळी फाटली, रक्त फळीत मुरलं, आणि तो गुरासारखा ओरडला. मी म्हटलं, "अहो, ओरडू नका. तिसरी कुठे बसेल ते तुम्हीच ठरवायचं आहे." त्यानंतर मरेपर्यंत त्याने माझ्यावर हात उगारला नाही. लोक म्हणायचे, काय गोड जोडपं आहे! फळीतली भोकं अजून आहेत. ती कोणी बुजवू नयेत.

कलम ४. शास्त्राची माझी प्रत, हातोडा, दाभणं, कात्र्या आणि लोखंडी खुंट्या सुनेला. यादी बिनचूक व्हावी म्हणून हे सगळं आत्ता मेजावर मांडलं आहे. सून समोर बसून म्हणते, "आई, मला नाही हो जमायचं. माझा हात कापतो."

"शिवताना कापतो का गं?"

"नाही."

"मग तोच हात आहे की!"

या पोरीचं कसं होणार, देव जाणे.

कलम ५. बँकेत जे असेल त्यातून माझा अंत्यविधी करावा. उरेल ते शेजारच्या लोहारणीला, माझ्या खुंट्या तीच घडवते. अट एकच, मुलगा घराबाहेर पडेपर्यंत तिने त्या खाटेवर झोपावं. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी, कारण तिला बघून मुलगा रस्ता बदलतो.

कलम ६. उपदेशकांना मी मेण लावलेली दोरी देते. चष्मा गळ्यात पक्का बांधावा आणि प्रकरण संपेपर्यंत काढू नये. माझ्या अंत्यविधीला त्यांनी बोलू नये. तंबूतल्या बाईची गोष्ट सुनेने वाचावी, शेवटपर्यंत.

कलम ७. मुलाला त्याच्या बापाचा सदरा. कॉलरला भोक आहे.

पुरवणी. इथवर झालं आणि मी सहीसाठी पेन उचललं, तोच मुलगा जिन्यावरून खाली आला. सगळं ऐकत उभा होता. "आई, घर हिला? या परकीला?" म्हणत त्याने अर्जनवीसांना ढकलून दिलं, सुनेचे केस धरले आणि तिचं तोंड मेजावर आपटलं. पुन्हा आपटलं. मी उठायला गेले तर छातीने दगा दिला, धाडकन खाली बसले. वाटलं, संपलं. कागदही गेला आणि पोरही गेली.

त्याने डावा पंजा मेजावर टेकला होता. सुनेच्या तोंडातून रक्ताची धार लागली होती, तशीच चाचपडत तिने खुंटी उचलली, हातोडा उचलला. एकच घाव. खुंटी पंजातून मेजात गेली, वाकडी नाही की तिरकी नाही. तिचा टाकाही असाच सरळ असतो. केस आपोआप सुटले. तो किंचाळायला लागला.

सून पदराने तोंड पुसत म्हणाली, "अहो, ओरडू नका. आईंची सही व्हायची आहे."

तिचा हात अजिबात कापत नव्हता. मी बघत होते.

लोहारीण पोलिसांना आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन आली आहे. सुनेने जीव वाचवायला हे केलं, ते अर्जनवीसांनी स्वतः पाहिलं आहे आणि ते तसा जबाब देणार आहेत. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने त्यावर साक्षीदाराची सही करू नये, असं ते सांगतात. म्हणून कलम सात रद्द, सदरा जाळावा. कलम पाचमधली खाटेची अटही मी रद्द करते. लोहारणीने आपल्या घरी सुखाने झोपावं.

स्थळ: माझी कार्यशाळा, शिवणकामाचं मेज.
दिनांक: आजचाच, शनिवार, भरदुपार.

सही: ताडपत्रीवाली

साक्षीदार:
१. अर्जनवीस. पडताना चष्मा फुटला आहे, सही त्यांचीच.
२. डॉक्टरीणबाई. खुंटी काढायला आल्या, आधी सही केली.
३. मुलगा. दोन साक्षीदार पुरतात, पण तो इथेच होता. उजवा हात मोकळा असल्याने सही स्पष्ट आली आहे.